पहिल्या घाण्याची लोटी

खानदेशातील जुनी देवळे, लेणी आणि पडके किल्ले पाहू इच्छिणाऱ्या लहान गटांना बरोबर घेऊन जाणे आणि त्या त्या ठिकाणाविषयी त्यांना सांगणे, हा गेली अकरा वर्षे माझा व्यवसाय आहे. त्याआधी मी शाळेत इतिहास शिकवत होते. बळसाण्याची देवळे, तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवाचे देऊळ, थाळनेरच्या फारुकी सुलतानांच्या कबरी, चाळीसगावजवळचे पाटणे, या जागी मी इतक्या वेळा उभी राहिले आहे की तिथे काय सांगायचे त्याचे शब्दसुद्धा आता ठरून गेले आहेत. त्या ठरलेल्या शब्दांतील एका ओळीचा अर्थ मी इतकी वर्षे अर्धाच सांगत होते, हे मला पौषातल्या एका सहलीत कळले. ज्यांच्यामुळे ते कळले त्या गृहस्थांना मी त्याच दिवशी सकाळी, चार लोकांसमोर, बरेच कडक बोलले होते.

गट जळगावचा होता. चौदा जण, बहुतेक निवृत्त शिक्षक आणि कारकून. त्यांत एका बाई आपल्या सासऱ्यांना घेऊन आल्या होत्या. आबांचे वय ऐंशीच्या पुढचे. डोक्यावर पांढरी टोपी, हातात काठी आणि मांडीवर कापडी पिशवी घेऊन ते खिडकीजवळ बसले. पाचोऱ्यापर्यंत ते कोणाशी बोलले नाहीत आणि मीही त्यांच्याकडे विशेष लक्ष दिले नाही. घरी एकटे ठेवता येत नाही म्हणून वडीलधाऱ्यांना सहलीला आणलेले मी अनेकदा पाहिले आहे. हेही तसेच असावे, असे मी मनाशी ठरवून टाकले.

पहिला थांबा वाघळीचा होता. तेथे मी नेहमी ‘हेमाडपंती’ या शब्दापासून सुरुवात करते, कारण प्रवासी बसमधून उतरता उतरताच तो शब्द उच्चारतात. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. वाघळीचा शिलालेख शके ९९१चा, म्हणजे इ. स. १०६९चा आहे, तो यादव राजा दुसरा सेऊणचंद्र याच्या काळातला असून त्यात मौर्य कुळातील गोविंदराज नावाच्या मांडलिकाची हकीकत आहे. ज्या बांधकामपद्धतीला आपण हेमाद्रीचे नाव देतो, तिच्यातली देवळे त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी या मुलखात उभी होती. चुना न वापरता, दगडावर दगड खाचा-कुसवांनी बसवून, केवळ भाराने आणि तोलाने उभी राहिलेली ही बांधणी हेमाद्रीची निर्मिती नव्हे. तरीही लोकांनी हे नाव सात शतके जपले आहे आणि ते आता पुसता येणार नाही, पुसूही नये. त्याबरोबर सनावळी तेवढी सांगावी, असे माझे मत आहे.

हे सांगत असताना दाराजवळच्या एका झिजलेल्या मूर्तीपुढे आबा उभे असलेले मला दिसले. पिशवीतून त्यांनी तेलाची लहान बाटली काढली होती आणि मूर्तीच्या मस्तकावर ओतण्यासाठी ती तिरपी धरली होती. मी बोलणे तोडून धावतच गेले आणि त्यांचा हात धरला. तेलाचे बोट लागले की त्यावर धूळ बसते, धुळीवर पुन्हा तेल, त्यावर काजळी, मग कोणीतरी शेंदूर लावतो आणि काही वर्षांत पुटे चढून दागिन्यांचे मणी, बोटे, ओठ हे सारे भरून जाते, हे मी त्यांना ऐकवले. हे संरक्षित स्मारक आहे, इथे असे काही करता येणार नाही, हेही बजावले. माझे म्हणणे बरोबरच होते आणि आजही मी तेच म्हणेन. पण माझा आवाज मात्र वर्गात उभ्या केलेल्या मुलाशी बोलावे तसा निघाला. आबांनी काही न बोलता बाटलीला बूच लावले आणि ते बसमध्ये जाऊन बसले. सूनबाईंचा चेहरा उतरला. “ते कुठल्याही देवाला गेले तरी तेल घेऊनच जातात हो ताई,” एवढेच त्या हळू आवाजात म्हणाल्या.

चाळीसगावात कळण्याची भाकरी, भरीत आणि ठेचा असे जेवण झाले. तिथून पाटणे अठरा-वीस किलोमीटरवर आहे. गौताळा औट्रम घाट अभयारण्याची हद्द लागली की शेते संपतात आणि सातमाळ्याच्या डोंगराने तीन बाजूंनी वेढलेली ती दरी समोर येते. आज तिथे साग, पळस, नदीचा खडकाळ पाट आणि देवीच्या दर्शनाला येणारे भाविक आहेत. आठशे वर्षांपूर्वी तिथे निकुंभ राजांचे पाटण, म्हणजे शहर होते. झाडीत शिरून महादेवाच्या देवळाचा उंच जोता प्रथम दिसतो, तेव्हा गटातील बोलणारी माणसेही थोडा वेळ गप्प होतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. या देवळात शके १०७५चा, म्हणजे इ. स. ११५३चा लेख आहे. इंद्रराज निकुंभाने हे काम आरंभले, तो वारल्यावर मुलगा गोवन लहान असल्यामुळे राणी श्रीदेवीने राज्यही सांभाळले आणि देऊळही तडीस नेले. ही बाब मी कधीच घाईने सांगत नाही. अर्धवट राहिलेले बांधकाम पुरे करणाऱ्या त्या बाईच्या नावाचा उच्चार त्या दगडांजवळ मोठ्याने व्हावा, असे मला वाटते.

लोकांना मात्र पाटणे म्हटले की भास्कराचार्य हवे असतात, आणि ते योग्यच आहे. शके १०३६मध्ये जन्मलेल्या आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिणाऱ्या या गणितज्ञाच्या कुळाची सर्वांत भरवशाची हकीकत पाटण्याच्याच दुसऱ्या एका शिलालेखातून मिळते. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. महेश्वर, त्याचा मुलगा भास्कर, त्याचा लक्ष्मीधर आणि लक्ष्मीधराचा चांगदेव, ही परंपरा त्यात आहे. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने याच नगरातून आपल्याकडे नेले, आणि सिंघण राजाचा ज्योतिषी झालेल्या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ स्थापन केला. प्रभव संवत्सरातल्या श्रावणी पौर्णिमेला, शके ११२८मध्ये, चंद्रग्रहणाच्या वेळी सोइदेव निकुंभाने त्या मठाला दान दिले. हा लेख मी वहीत उतरवून घेतलेला आहे आणि जोत्याच्या सावलीत बसून त्यातला संस्कृत भाग अर्थासह सांगते. लेखाचा शेवट मराठीत आहे, एवढे म्हणून साधारणपणे मी वही मिटते.

त्या दिवशी एका निवृत्त शिक्षकांनी ती मिटू दिली नाही. मराठीत आहे तर आम्हाला ऐकवा की, असे ते म्हणाले. म्हणून मी वाचू लागले: ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’, म्हणजे या पाटणात जो विक्रीचा माल उघडला जाईल, त्यावरचा जो कर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळत असे, ‘तो मढा दीन्हला’, तो मठाला दिला. ‘दीन्हला’ म्हणताच दोघे-तिघे हसले. प्रमाण मराठीने ‘दिला’ करून टाकलेले हे क्रियापद अहिराणीत अजून ‘दिन्हा’ म्हणून नांदत आहे, आणि प्रत्येकाने ते त्याच सकाळी कधी ना कधी तोंडातून काढले होते. पुढे दामाचा विसावा भाग, पाच सुपाऱ्या असे तपशील येतात. मग मी वाचले: ‘पहिलेआ घाणेयाची लोटि मढा दीन्हली । जेती घाणे वाहंति तेतियां प्रति पली पली तेला ।’ आणि नेहमीप्रमाणे अर्थ सांगितला, की गावातल्या पहिल्या तेलघाण्याने एक लोटी तेल मठाला द्यावे आणि बाकीच्या घाण्यांनी एकेक पळी.

“आखो एकदाव वाच माय.”

आवाज आबांचा होता. ते जोत्याच्या कडेला काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मी पुन्हा वाचले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “गावना पहिला घाना नही. सकायना पहिला घाना. तो देवना.”

त्यांच्या घरी तीन पिढ्यांचा लाकडी घाणा होता, हे मला तेव्हा कळले. पाचोऱ्याकडच्या एका खेड्यात त्यांच्या वडिलांचा बैल झापड लावून फिरत असे. तीळ, करडई आणि भुईमूग गाळला जात असे. घाणा म्हणजे ते यंत्र खरेच, पण एका वेळी त्यात घातलेला माल आणि त्यातून उतरलेले तेल यालाही घाणाच म्हणत. सकाळी पहिला घाणा निघाला की वडील त्यातली लहान लोटी भरून बाजूला ठेवत आणि ती मारुतीच्या देवळात पोचल्याशिवाय गिऱ्हाइकाला तेल मोजत नसत. दिवसभर पुढे जे घाणे निघत, त्यांचा हिशेब वेगळा.

मी वहीकडे पाहत राहिले. घरोघरी भजी तळताना आपण पहिला घाणा, दुसरा घाणा असेच म्हणतो; तो शब्द माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात रोजचा होता. लेखातल्या दोन लागोपाठच्या वाक्यांत मी मात्र दोन्ही ठिकाणी यंत्रच वाचत आले होते, आणि त्यामुळे गावातल्या एकाच तेल्याने जास्त का द्यावे, हा प्रश्न मला पडायला हवा होता तोही कधी पडला नव्हता. आबांच्या अर्थाने पाहिले तर दोन्ही वाक्ये सरळ बसतात: पहिल्या गाळपाची लोटी मठाची, आणि जितके घाणे चालतील तितक्यांमागे एकेक पळी तेल. अभ्यासकांच्या कसोटीला हा अर्थ किती उतरेल ते त्यांनी ठरवावे. पण ज्याने ते काम केले आहे त्याच्या कानाला ते वाक्य लगेच ओळखीचे वाटले, याला मी मोठा पुरावा मानते.

मग त्यांनी ‘पली’ विचारली. मी पळी म्हणाले, आबा ‘पयी’ म्हणाले. अहिराणीत ळचा य होतो; म्हणजे लेखातली पली, माझी पळी आणि त्यांची पयी हे एकच भांडे त्या सावलीत तीन उच्चारांनी हजर होते. पयी केवढी असायची, हे त्यांनी तळहाताचा खोलगा करून दाखवले. पुढचे वाक्य ऐकून तर ते फारच खूश झाले. ‘एथ जें मविजे तें मढीचेन मापें मवावें’, इथे जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे. माप खोटे असेल तर घाणा बुडतो, माप कोणाचे हे आधी ठरले पाहिजे, असे ते त्या निवृत्त शिक्षकांना पटवून देऊ लागले. एवढे तेल मठात कशाला लागत असेल, असे कोणी विचारले तेव्हा मी उत्तर शोधत होते, आबा सहज म्हणाले, “पोरे रातले वाचतीन, दिवाले तेल लागीच ना.”

भास्कराचार्यांचे गणित ज्या उजेडात पाठ झाले असेल त्या तेलाचा विचार मी कधी केला नव्हता.

उशीर झाल्यामुळे सीतेची न्हाणी पाहायची राहिली, आणि कोणी तक्रार केली नाही. आबांनी मला विचारले, की ते घाणे कुठे होते. मी खरे तेच सांगितले, की बाजाराची जागा आज ओळखू येत नाही. ते उठून झाडीत थोडे अंतर चालले, काठीने एक-दोन दगड उलटवून पाहिले आणि परत आले. सकाळच्या बोलण्याबद्दल मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, तू दगडासाठी बोललीस, त्यात वाईट काय.

उतरत्या उन्हात आम्ही चंडिकादेवीच्या देवळात गेलो. बाटली पुन्हा बाहेर आली. आबा मूर्तीकडे गेले नाहीत. त्यांनी समईकडे बोट दाखवून माझ्याकडे पाहिले. मी पुजाऱ्यांना विचारले, त्यांनी होकार दिला. आबांनी डाव्या हाताचा आधार देऊन, एक थेंबही बाहेर न सांडता, समई काठोकाठ भरली, बूच लावले आणि बाटली पिशवीत ठेवली. बसमध्ये बसल्यावर मी वही उघडली आणि त्या ओळीच्या समासात पेन्सिलीने लिहिले: सकाळचा पहिला घाणा.