फोर बाय फोरमधली दुसरी बॅटरी निवडताना

फोर बाय फोर गाडीत दुसरी बॅटरी बसवण्याचा विचार बहुधा फ्रीजपासून सुरू होतो. कॉम्प्रेसरवर चालणारा लहान फ्रीज डिकीत आला, की मुक्कामाला इंजिन बंद असताना तो कशावर चालणार हा प्रश्न उभा राहतो, आणि त्यामागोमाग तंबूतले दिवे, कॅमेरा, लॅपटॉप, सोबतच्या एखाद्याचे झोपेत श्वासाला मदत करणारे सीपॅप यंत्र अशी यादी वाढत जाते. हा सगळा भार मूळ बॅटरीवर टाकला, तर सकाळी सेल्फ मारताना नुसती टिकटिक ऐकू येण्याची शक्यता असते, आणि ऑटोमॅटिक गिअरची गाडी तर धक्का मारूनही सुरू होत नाही. दुकानात गेल्यावर मात्र पहिला प्रश्न येतो तो ‘किती एएचची देऊ?’ असा (एएच म्हणजे ॲम्पिअर-तास, बॅटरीच्या साठ्याचे माप). माझ्या मते या प्रश्नाचा क्रम तिसरा किंवा चौथा आहे. बॅटरी प्रवासात कशाने आणि किती वेळात भरणार, ती गाडीत कुठे बसणार आणि तिथे तापमान काय असणार, हे आधी ठरले तर एएचचा आकडा जवळपास आपोआप निघतो.

मूळ बॅटरी या कामाची का नाही, हे थोडक्यात सांगतो. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीत शिशाच्या पातळ पट्ट्या मोठ्या संख्येने असतात, कारण तिला काही सेकंद शेकडो ॲम्पिअर प्रवाह द्यायचा असतो. त्या प्रयत्नात तिच्या साठ्यातला टक्का-दोन टक्केच खर्च होतो आणि इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारा ऑल्टरनेटर तो लगेच भरून काढतो. तिला रात्रभर हळूहळू रिकामे केले, तर पट्ट्यांवर जमलेले लेड सल्फेट कठीण होत जाते आणि थोड्याच आवर्तनांत तिचा दम संपतो. म्हणून मुक्कामाच्या भारासाठी वेगळी, खोलवर रिकामी होण्याची सवय असलेली बॅटरी लागते.

आता भाराचा हिशेब. साधारण ४० लिटरचा फ्रीज चालू असताना सुमारे ४५ वॅट, म्हणजे साडेतीन-पावणेचार ॲम्पिअर घेतो, पण तो सतत चालत नाही. थंड हवेत तो एक-तृतीयांश वेळ चालतो असे धरले, तर चोवीस तासांत २९-३० ॲम्पिअर-तास लागतात. मे महिन्यातल्या कच्छमध्ये किंवा विदर्भात तो निम्मा वेळ चालला, तर ४३ आणि त्याहून अधिक. दिवे, फोन, कॅमेरा आणि लॅपटॉप यांचे मिळून आणखी दहा-पंधरा धरावेत. सीपॅप असेल, तर त्याचा आर्द्रतेचा हीटर बंद ठेवून किती वीज लागते हे घरीच एक रात्र मोजून पाहावे, कारण हीटर चालू राहिला तर तो फ्रीजशी बरोबरी करू शकतो. म्हणजे बहुतेकांची रोजची गरज ४५ ते ६० ॲम्पिअर-तासांत बसते. इंडक्शनची शेगडी या हिशेबातून मी मुद्दाम वगळली आहे: १५०० वॅटची शेगडी इन्व्हर्टरवर चालवायची, तर इन्व्हर्टरमधली घट धरून बारा व्होल्टच्या बाजूने १३० ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह ओढावा लागतो, आणि त्यासाठी बॅटरी, केबल, फ्यूज सगळेच वेगळ्या इयत्तेचे लागते. चहासाठी गॅसच बरा. टायरमध्ये हवा भरणारा पंप आणि अडकलेली गाडी ओढून काढणारा विंच हेही मूळ बॅटरीवरच, इंजिन चालू ठेवून वापरायचे.

खरा मुद्दा भरण्याचा आहे. शिशाची बॅटरी, मग ती साधी ॲसिडची असो वा ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली बंद एजीएम, सुमारे ८० टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी वेगाने भरते. त्यापुढे मात्र ती घेईल तेवढाच प्रवाह घेते, आणि गच्च भरलेल्या एसटीत शेवटची चार माणसे चढवायला लागतो तसा उरलेल्या २० टक्क्यांना कित्येक तासांचा वेळ लागतो. प्रवासात दिवसाला पाच-सहा तास गाडी चालते, संध्याकाळी पुन्हा भार सुरू होतो, त्यामुळे एजीएम बॅटरी दौरा संपेपर्यंत एकदाही पूर्ण भरत नाही. तिला निम्म्याच्या खाली रिकामे करू नये असा संकेत आहे. म्हणजे १०० ॲम्पिअर-तासांच्या एजीएममधले आपल्या हाती येतात ते ८० आणि ५० टक्क्यांच्या मधले तीसेक. शिवाय तिच्यावर छापलेला आकडा २० तासांच्या दराने काढलेला असतो, म्हणजे ५ ॲम्पिअर भाराला १०० मिळतात. ५० ॲम्पिअर ओढले तर त्याहून पुष्कळ कमी.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, बॅटरी याबाबतीत अगदी वेगळी वागते. ती जवळपास शेवटपर्यंत दिलेला प्रवाह घेते, ८०-९० टक्के रिकामी केली तरी कुरकुरत नाही, आणि रोज काठोकाठ भरावी अशी तिची अपेक्षाही नसते. २५ ॲम्पिअरच्या चार्जरवर ५० ॲम्पिअर-तासांची रात्रीची तूट दोन-सव्वादोन तासांच्या प्रवासात भरून निघते. पण हाच गुण ऑल्टरनेटरच्या मुळावर येऊ शकतो. तिचा अंतर्गत रोध कमी असल्यामुळे ती थेट जोडली तर ऑल्टरनेटरकडून मिळेल तेवढे ओढते, आणि घाटातल्या खोळंब्यात इंजिन मंद फिरत असताना, ऑल्टरनेटरचा स्वतःचा पंखाही मंद असताना, तो तापत राहतो. म्हणून प्रवाहाला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर मधे हवाच. एलएफपी आणि शिशाची बॅटरी साध्या रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, जोडणे मला पटत नाही.

नव्या गाड्यांत या चार्जरची गरज आणखी एका कारणाने आहे. जुन्या डिझेल गाड्यांचा ऑल्टरनेटर चालू असेपर्यंत १४ व्होल्टच्या वर राहायचा, आणि तेव्हा व्होल्टेज पाहून जोडणारा साधा रिले पुरत असे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर आलेल्या अनेक गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी ऑल्टरनेटरचे व्होल्टेज संगणक ठरवतो. मूळ बॅटरी भरली की तो ते खाली आणतो आणि उतारावर पाय काढला की वर नेतो. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे माहितीपत्रकात शोधत बसण्यापेक्षा मल्टिमीटर लावावा: अर्धा तास गाडी चालवल्यावर, दिवे आणि एसी बंद ठेवून, बॅटरीच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज पाहावे, आणि शक्य असल्यास सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर लावून चालत्या गाडीतही त्यावर लक्ष ठेवावे. आकडा १३ च्या आसपास उतरत असेल, तर रिलेवर दुसरी बॅटरी कधीच भरणार नाही.

सौर पॅनेलबद्दल फार आशा धरू नये. टपावर आडवे बसवलेले, तापलेले, धूळ बसलेले १०० वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी ३०० वॅट-तासांच्या जवळपास देते, म्हणजे चोवीसेक ॲम्पिअर-तास. एकाच ठिकाणी दोन-तीन दिवस तळ ठोकणाऱ्यांना ते उपयोगी आहे. रोज गाडी चालवणाऱ्याला इंजिनच पुरते.

जागेचा विचार इथून पुढे येतो. बॉनेटखाली रिकामी जागा दिसली की बॅटरी तिथेच बसवण्याचा मोह होतो, आणि गॅरेजवालाही केबल कमी लागते म्हणून तेच सुचवतो. पण शिशाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना जवळजवळ निम्मे होते, आणि एलएफपी बॅटऱ्यांची चार्जिंगची वरची मर्यादा साधारण ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान दिलेली असते. उन्हाळ्यात चढ चढणाऱ्या इंजिनाशेजारी हे आकडे सहज ओलांडले जातात. तेव्हा दुसरी बॅटरी मागे, मागच्या सीटच्या पाठीशी किंवा डिकीच्या तळाला बसवावी. तिथे ती माणसांच्याच हवेत असते, म्हणून उघड्या ॲसिडची बॅटरी बाद ठरते, कारण भरताना ती हायड्रोजन सोडते.

घरातल्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी गाडीत टाकावी असा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. ती खोलवर रिकामी होऊ शकते हे खरे, आणि किमतीनेही परवडते. पण १५० एएचची उंच ट्युब्युलर बॅटरी ॲसिडसह ५०-६० किलोंच्या घरात जाते, ती एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली असते, आणि खडकाळ वाटेवर तिच्या झाकणांतून ॲसिड बाहेर येण्याची भीती असते. वजनाचा प्रश्न एजीएमलाही आहेच: १०० एएचची एजीएम तीसेक किलोंची, तेवढीच एलएफपी ११ ते १३ किलोंची. पाच दारांच्या जिम्नीची डिकी मागची सीट उभी असताना २०८ लिटरची आहे. अशा गाडीत या फरकाने निवड तिथल्या तिथे होऊन जाते.

थंडी हा एलएफपीचा दुबळा भाग आहे, आणि लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी तो नीट समजून घ्यावा. पेशीचे तापमान शून्याखाली असताना चार्ज केले, तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते, आणि ही हानी परत भरून येत नाही. तिच्यातून वीज काढून वापरायला मात्र शून्याखालीही हरकत नसते. बहुतेक बॅटऱ्यांना उणे २० पर्यंत परवानगी असते. म्हणून बॅटरीतल्या बीएमएसमध्ये, म्हणजे पेशींवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत, कमी तापमानाला चार्जिंग तोडण्याची सोय आहे का, हा प्रश्न विक्रेत्याला स्पष्ट विचारावा. स्वस्त बॅटऱ्यांचे बीएमएस जास्त व्होल्टेज आणि जास्त प्रवाह एवढेच पाहतात. सप्टेंबरच्या अखेरीस चार हजार मीटरहून उंच असलेल्या, लडाखमधल्या हानलेला मुक्काम असेल, तर सकाळचा पहिला तासभर गाडीचा हीटर आतली हवा गरम करेपर्यंत चार्जिंग थांबेल, ते चालते. जानेवारीतल्या स्पितीसाठी मात्र आत तापवणारी पट्टी असलेली एलएफपी घ्यावी, नाहीतर सरळ एजीएम. एजीएम थंडीत बरीच क्षमता गमावते, पण चार्ज घेते. फक्त तिला रिकामी ठेवू नये: पूर्ण भरलेल्या बॅटरीतले ॲसिड उणे ५० च्याही खाली गोठते, तर रिकाम्या बॅटरीतले उणे १० च्या आधीच.

खोक्यावर नुसते ‘लिथियम’ लिहिलेले असेल, तर घेऊ नये. इलेक्ट्रिक दुचाकींत पुष्कळ वापरली जाणारी एनएमसी (निकेल-मँगेनीज-कोबाल्ट) रचना १२ व्होल्टच्या व्यवस्थेत नीट बसत नाही. तीन पेशींचे ११.१ व्होल्ट कमी पडतात आणि चार पेशी भरल्यावर १६.८ व्होल्ट होतात. एलएफपीच्या चार पेशी १२.८ व्होल्ट देतात आणि १४.२ ते १४.६ ला भरतात, म्हणजे शिशाच्या बॅटरीसाठी बनलेली उपकरणे त्यांवर विनातक्रार चालतात. शिवाय फॉस्फेटमधला ऑक्सिजन सहज सुटत नसल्यामुळे आगीचा धोकाही एनएमसीपेक्षा कमी. जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य १९९७ मध्ये मांडले तेव्हा त्याची कमी विद्युतवाहकता हीच अडचण मानली जात होती. कणांवर कार्बनचा लेप देण्याच्या युक्तीने पुढे ती सुटली.

छापील क्षमतेची शहानिशा वजनकाट्यावर बऱ्याच अंशी होते. १०० एएचच्या एलएफपीत १२८० वॅट-तास असतात, आणि एलएफपीच्या पेशी किलोमागे साधारण १६० वॅट-तास साठवतात. म्हणजे नुसत्या पेशीच आठ किलोंच्या झाल्या, वर पेटी, बीएमएस आणि जोडण्या. सात किलोंची ‘१०० एएच’ बॅटरी कोणी दाखवली, तर पुढे बोलण्याची गरज नाही. वजन बरोबर असले तरी घरी आणल्यावर ती पूर्ण भरून, ठरावीक भार लावून किती तास चालते हे एकदा पाहावे. तिच्या व्होल्टेजवरून शिल्लक साठा कळत नाही, कारण २० ते ८० टक्क्यांच्या मधे ते जवळजवळ हलतच नाही. त्यासाठी शंट, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठी तारेच्या वाटेत बसवायचा छोटा रोध, लावून आतबाहेर जाणारे ॲम्पिअर मोजणारा मीटर लागतो.

हे सगळे धरून माझ्या बीएस-६ डिझेल गाडीसाठी मी १०० एएचची एलएफपी आणि २५ ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर निवडला. २०० एएचचा आग्रह धरणारे मित्र आहेत, पण एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त न राहणाऱ्याला तेवढ्या साठ्याचे प्रयोजन मला दिसत नाही. त्या पैशांत चांगली केबल येते, आणि बॅटरीच्या खर्चात माणसे नेमकी तिथेच हात आखडता घेतात. बॉनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर जायचे आणि पाच मीटर यायचे धरले, तर २५ ॲम्पिअरला ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ०.७ व्होल्ट जातात आणि १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.२७. केबलच्या दोन्ही टोकांना बॅटऱ्या आहेत, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना, टर्मिनलपासून शक्य तितक्या जवळ. ज्या गाड्यांच्या मूळ बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो, तिथे नवी अर्थची तार त्या टर्मिनलला न लावता सेन्सरच्या पलीकडे, बॉडीला लावावी, नाहीतर संगणकाला बॅटरीची खरी स्थिती कळत नाही. कंपनीचे मूळ वायरिंग कापून जोड देणाऱ्या वायरमनला तिथेच थांबवावे, कारण वॉरंटीवरून पुढे वाद होतो तो बहुधा अशा जोडांवरूनच.