आठवड्याला पाच गुंठे कोथिंबीर

दिवे घाट चढून वर आलं की पुरंदरची गावं सुरू होतात. पुण्याचं मार्केट यार्ड इथून जवळ, आणि या जवळिकीचा सगळ्यात मोठा फायदा कोथिंबिरीला मिळतो. कारण उपटल्यावर ती जेमतेम एक दिवस टवटवीत राहते. पण एकरभर एकदम पेरली की हा फायदा हातचा जातो. सगळी एकाच वेळी तयार होते आणि भाव पडलेला असला तरी काढावीच लागते. आठवडाभर थांबलं तर फुलाची दांडी निघते, मग जुडीला कुणी हात लावत नाही. म्हणून दर आठवड्याला पाच गुंठेच पेरावी.

पाच गुंठ्यांना 3 ते 4 किलो धणे लागतात. ते बियाण्याचेच घ्यावेत. किराणा दुकानातले बरेचदा जुने असतात आणि वाफा विरळ उगवतो. एका धण्यात दोन बिया असतात, त्यामुळे फरशीवर पसरून हलक्या हाताने रगडावेत. धण्याच्या दोन फाका झाल्या की बस. जोर लावला तर चुरा होतो आणि चुऱ्याला कोंब येत नाही. मग 12 तास पाण्यात भिजवून, निथळून, सावलीत थोडे सुकवावेत, नाहीतर फोकताना, म्हणजे हाताने विखरून पेरताना, हाताला चिकटतात. असं बी 8-10 दिवसांत उगवतं. अख्खे धणे मागेपुढे उगवतात, मग काढणीला निम्मी जुडी कोवळी, निम्मी जून निघते.

पहिलं पाणी अगदी संथ द्यावं. जोरात सोडलं की बी वाहून वाफ्याच्या टोकाला गोळा होतं. पावसाळ्यात सपाट वाफा नकोच, गादीवाफा, म्हणजे जमिनीपासून उंच वाफा, करावा. मुळाशी पाणी साचलं की पानं पिवळी पडतात आणि मूळ सडतं. खुरपणी 15-20 दिवसांनी, त्यानंतर पाच गुंठ्यांना साधारण 4 किलो युरिया. तो पानं कोरडी असताना टाकावा आणि लगेच पाणी द्यावं. ओल्या पानावर पडला तर डाग पडतात. जास्त टाकला तर कोथिंबीर दिसते लुसलुशीत, पण यार्डात पोहोचेपर्यंत मान टाकते.

एप्रिल-मेमध्ये पारा 36 च्या वर गेला की वाढ खुंटते आणि फूल लवकर येतं. तरीही तेव्हाच पेरायला हवी, कारण माल सगळीकडेच कमी असतो. थंडीत उलट: पीक सोपं, पण आवक भरमसाट. ढगाळ हवेत भुरी येते, म्हणजे पानांवर पांढरी बुरशी धरते. ही भाजी लोक कच्ची खातात, तेव्हा काढणी जवळ आली असेल तर फवारणी करूच नये, भुरी आलेला तुकडा उपटून टाकावा.

पेरणीची तारीख काढणीवरून मोजावी: उन्हाळ्यात साधारण 40 दिवस, थंडीत 45 ते 50. यार्ड शनिवारी बंद असतं आणि रविवारी गिऱ्हाईक जास्त, आवकही जास्त. ज्ञानेश्वर माउलींची पालखी घाट चढते त्या दिवशी दिवे घाट वाहनांना बंद असतो, तोही दिवस धरून ठेवावा.

काढणीच्या आदल्या दिवशी हलकं पाणी द्यावं, म्हणजे मूळ न तुटता उपटतं. काढणी ऊन उतरल्यावर. मुळांची माती झटकावी, पण पानांवर पाणी मारू नये. ओल्या जुड्या एकावर एक रचल्या की आत वाफ धरते आणि मधला थर पिवळा पडतो. टेम्पोत मुळं आत, पानं बाहेर अशी रचावी आणि वरून ओलं गोणपाट टाकावं.

भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांवर ठरतो. जुडी लहान-मोठी बांधली तर सगळ्या मालाला लहान जुडीचा भाव लागतो. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, हातात आली की जुड्यांचा आकडा आपल्या मोजणीशी ताडून पाहावा. हमाली कापलेली असेल, पण अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, नसावी. भाजीपाल्याची अडत 2016 पासून खरेदीदाराकडून घ्यायची आहे.