डी७५० आणि आर६ मार्क २: बोटांची जुळवाजुळव, आतापर्यंतची नोंद

निकॉन डी७५० आणि कॅनन ईओएस आर६ मार्क २ हे दोन कॅमेरे आलटून पालटून वापरताना बटणांपेक्षा डायल जास्त छळतात. मॅन्युअल मोडमध्ये (जिथे सगळं आपणच ठरवतो) निकॉनची अंगठ्याखालची डायल शटरचा वेग बदलते आणि तर्जनीची पुढची डायल अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र. कॅननवर नेमकं उलट. त्यामुळे १/५०० चं १/१००० करायला गेलेलं बोट एफ/४ चं एफ/५.६ करून ठेवतं. प्रकाश दोन्हीकडे एकच स्टॉप घटतो, म्हणजे निम्मा होतो, म्हणून हिस्टोग्राम (प्रकाशाचा आलेख) काही बोलत नाही. पळणारं मूल धूसर आलंय हे घरी मोठ्या स्क्रीनवर कळतं.

निकॉनमध्ये 'कस्टमाइझ कमांड डायल्स'खाली 'चेंज मेन/सब' (दोन डायलींची अदलाबदल) ऑन करायचा मोह होतो. तो टाळलेला बरा. मॅन्युअल जुळतं, पण अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (अ‍ॅपर्चर आपलं, शटर कॅमेऱ्याचं) बिघडते. कारण तिथे मुळात दोन्ही बॉडींवर (कॅमेऱ्यांवर) अ‍ॅपर्चर तर्जनीकडेच असतं. बदल कॅननवर करायचा. डायल कस्टमायझेशनमध्ये मेन डायलला (कॅननवर ही तर्जनीची) 'मॅन्युअलमध्ये अ‍ॅपर्चर' आणि मागच्या मोठ्या चाकाला 'मॅन्युअलमध्ये शटर' द्यायचं. फिरवण्याची दिशा उलटी वाटली तर तीही दोन्हीकडे बदलता येते. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) कॅननच्या वरच्या मागच्या डायलवर राहू द्यावा. निकॉनवर मात्र मॅन्युअलमध्ये तो मुळात स्क्रीनच्या डावीकडचं बटण धरून बदलतो.

अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत आणखी एक गोष्ट जुळते. निकॉनचं 'ईझी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन' ऑन केलं की ± बटण न धरता अंगठ्याने भरपाई (फोटो कॅमेऱ्याच्या अंदाजापेक्षा उजळ किंवा गडद करणं) देता येते, कॅननसारखीच. 'ऑन (ऑटो रिसेट)' निवडलं तर मीटर (प्रकाश मोजणारा भाग) झोपताच भरपाई शून्यावर जाते, म्हणून साधं 'ऑन'च घ्यावं.

बॅक बटन फोकस, म्हणजे शटर बटणाऐवजी मागच्या बटणाने फोकस: डी७५० वर एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑन (ऑटोफोकस सुरू) हे काम दिलं की शटर बटणाचा फोकस आपोआप सुटतो. कॅननवर एएफ-ऑन बटण आयतं आहे, पण शटर अर्धं दाबल्यावर होणारं काम मेनूत वेगळं जाऊन 'मीटरिंग स्टार्ट' (फक्त प्रकाश मोजणं) करावं लागतं. ते राहिलं तर फ्रेम बदलताना फोकस पुन्हा पळतो.

पॉवर: निकॉनचा स्विच शटर बटणाभोवती आहे. आर६ मार्क २ वर तो उजव्या खांद्यावर, आणि डावीकडचा स्विच फोटो-व्हिडिओचा. मूळ आर६ वरून आलेल्यांचा हात इथे हमखास फसतो, कारण त्यात डावीकडेच पॉवर होती. कॅमेरा बंद करायला जावं तर तो व्हिडिओत शिरतो.

सरावासाठी: १/१२५, एफ/५.६ वर ठेवा आणि नजर हटवा. आता १/१०००, एफ/८ करा. एक-तृतीयांश स्टॉपच्या सेटिंगवर अंगठ्याने ९ क्लिक, तर्जनीने ३. मग पाहा आणि लगेच दुसरी बॉडी हातात घ्या.

न जुळणारं उरलेलं: शटर प्रायॉरिटीत (शटर आपलं, अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याचं) निकॉनवर अंगठा आणि कॅननवर तर्जनी, आणि लेन्सच्या झूम रिंगची उलटी दिशा. रिंगला कुठलाच मेनू नाही.