पब्लिक की प्रायव्हेट? मोटारसायकल न्यायला घेतलेल्या छोट्या टेम्पोचा विमा: माझा अनुभव

₹१६,०४९ आणि ₹८,५१०. घरच्या वापरासाठी छोटा टेम्पो घेणार असाल, तर विम्याच्या ऑफिसात शिरण्याआधी हे दोन आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा. पहिला आहे ‘पब्लिक कॅरिअर’चा, म्हणजे भाड्याने माल नेणाऱ्या गाडीचा, थर्ड पार्टीचा (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या विम्याचा) वर्षाचा हप्ता, दुसरा ‘प्रायव्हेट कॅरिअर’चा, म्हणजे फक्त स्वतःचा माल नेणाऱ्या गाडीचा. दोन्ही मालासकट साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचे, दोन्ही सरकारने जून २०२२ पासून ठरवून दिलेले, वर जीएसटी वेगळा. म्हणजे दरवर्षी साडेसात हजारांचा फरक. हा दुसरा दर अस्तित्वात आहे, हे एका विमा कंपनीच्या शाखेला पटवण्यात माझा जो वेळ गेला त्याचा राग अजून उतरलेला नाही.

माझी मुलगी मोटोक्रॉस करते, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यती. तिची कावासाकी केएलएक्स १४० फक्त ट्रॅकवर चालवायची गाडी आहे, आरटीओत तिची नोंदणीच होत नाही. त्यामुळे साताऱ्याहून पुण्याला नुसत्या सरावाला जायचं तरी ती कशावर तरी चढवूनच न्यावी लागते. भाड्याचा टेम्पो सांगितला की पहाटे ड्रायव्हरचा फोन लागत नाही, आणि दिवसभराच्या वेटिंगचे पैसे शर्यतीच्या प्रवेश फीपेक्षा जास्त होतात. शेवटी स्वतःचीच गाडी घ्यायचं ठरवलं.

निवड पटकन झाली. जुनी ओम्नी घेऊन मागच्या सीट काढून टाका, असा सल्ला खूप जणांनी दिला. तो मी ऐकला नाही. आरसी बुकात लिहिलेली आसनसंख्या आणि प्रत्यक्षातली गाडी यांत फरक पडला की तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बेकायदा बदल ठरतो, आणि क्लेमच्या वेळी सर्व्हेअर आधी तेच बघतो. बोलेरो पिकअप दणकट, पण एका मोटारसायकलसाठी फार मोठी आणि महाग. उरले छोटा हत्ती आणि मारुतीची सुपर कॅरी. दोघांचाही हौदा साधारण सात फुटांचा, साडेसातशे किलोच्या आसपास माल उचलणारा. खंबाटकीचा घाट डोळ्यांपुढे ठेवून मी चार सिलिंडरची पेट्रोल सुपर कॅरी घेतली. थोडी वापरलेली, साडेतीन लाखांच्या आत मिळाली. आमची मोटारसायकल हौद्यात सरळ उभी राहते आणि फाळका लागतो. तुमच्याकडे रॉयल एनफील्डची हिमालयन असेल तर तिची लांबी हौद्याइतकीच भरते. ती तिरकी उभी करावी लागेल, तेव्हा टेप घेऊनच टेम्पो बघायला जा.

आरटीओतली नाव बदलण्याची कामं, फॉर्म २९, फॉर्म ३०, सगळं सुरळीत झालं. अडलं ते विम्यात.

जुन्या मालकाची पॉलिसी संपत आली होती, म्हणून मुदतीच्या बराच आधी मी शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलाने आरसी बघितली आणि पब्लिक कॅरिअरचं कोटेशन काढून दिलं.

“अहो, मी भाडं मारत नाही. माझीच मोटारसायकल नेतो. मला प्रायव्हेट कॅरिअर हवंय.”

“काका, पिवळी पाटी आहे ना? मग पब्लिकच.”

“पाटीचा काय संबंध? वापराचा संबंध आहे.”

“भाडं मारा नाहीतर नका मारू, सिस्टीम हेच घेते.”

इथे थोडं मागे जायला हवं, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात भाड्याने माल नेणारा पब्लिक कॅरिअर आणि फक्त स्वतःचा माल नेणारा प्रायव्हेट कॅरिअर, असे दोन वेगळे परवाने होते. जुन्या ट्रकच्या कपाळावर रंगवलेलं ‘पब्लिक कॅरिअर’ आपण सगळ्यांनी पाहिलंय, ते तिथलंच. १९८८च्या कायद्याने तो भेद मोडीत काढला. आता आरसीवर नुसतं ‘गुड्स कॅरिअर’ असतं आणि पाटी सगळ्यांची पिवळी. विम्याच्या दरपत्रकात मात्र तो भेद अजून जिवंत आहे: ए-१ म्हणजे पब्लिक, ए-२ म्हणजे प्रायव्हेट. त्यामुळे आरसी बघून कोणालाच काही कळत नाही. मालकाने सांगायचं आणि विमा कंपनीने विचारायचं, एवढंच उरतं. आणि विचारत कोणीच नाही.

मी दरपत्रकाची प्रत काढून घेऊन गेलो. मॅनेजर साहेबांनी वाचली, मान हलवली आणि “वरून मेल येऊ दे” म्हणाले. मेल येईना. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. परत गेलो तर टेबलावर नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळी कथा. मधल्या काळात एका एजंटाने कानात सांगितलं, “भरून टाका ना काका, सात हजारांसाठी कशाला डोकं लावता?” सात हजारांत मुलीचे हातमोजे आणि गॉगल येतो. का म्हणून भरून टाकायचे?

दुसरीकडे मुदत जवळ येत होती. विमा नसताना रस्त्यावर पकडलं तर पहिल्यांदा दोन हजार दंड, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. आणि अपघात झाला तर घरदार विकायची वेळ. तो धोका मी घेणार नव्हतो.

शेवटी तोंडी बोलणं थांबवलं. एक पानी अर्ज लिहिला: ‘सदर वाहनातून केवळ माझ्या मालकीच्या मालाची वाहतूक होते, भाडे घेतले जात नाही, ए-२ वर्गात पॉलिसी द्यावी अथवा नकाराचे कारण लेखी द्यावे.’ सोबत मोटारसायकलचं माझ्या नावावरचं बिल जोडलं. शाखेकडून शिक्का मारून पोच घेतली आणि तोच अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. तिथे दाद मिळाली नसती तर इर्डाईचं, म्हणजे विमा नियामकाचं, ‘बिमा भरोसा’ तक्रार पोर्टल होतं, त्यापुढे पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय. तेवढी वेळ आली नाही. मुख्य ऑफिसातून फोन आला, आणि ज्या संगणकात हा पर्याय नव्हता त्याच संगणकातून पॉलिसी निघाली. त्या दिवशी बाहेर येऊन मी आधी मुलीला फोन केला.

मात्र प्रायव्हेट घेतलं की ते पाळायचं. मुलीच्या मैत्रिणीचे वडील म्हणाले, आमचीही गाडी टाका, पेट्रोलचे पैसे देतो. मी नाही म्हटलं. दुसऱ्याची गाडी पैसे घेऊन नेताना ठोकली तर कंपनीच्या हातात नकाराचं आयतं कारण जाईल.

लायसनचा प्रश्न अनेकांनी विचारला. साधं एलएमव्ही लायसन चालतं. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळा शेरा लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. तीन हजार किलोंच्या आतल्या गाडीला परमिटही नको. फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा आरटीओचा दाखला) मात्र लागतो: आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा, मग दरवर्षी. फार जुना टेम्पो स्वस्त दिसतो, तेव्हा हे आठवा.

टेम्पोचा विमा हौद्यातल्या मोटारसायकलला लागू होत नाही. तुमची मोटारसायकल नोंदणीची असेल आणि तिची स्वतःची पॅकेज पॉलिसी (थर्ड पार्टीसोबत गाडीचं स्वतःचं नुकसानही धरणारी) असेल, तर रस्त्याने वाहून नेताना झालेलं नुकसान त्या पॉलिसीत बसतं. नुसती थर्ड पार्टी असेल तर नाही. आमच्यासारखी बिननोंदणीची असेल तर इनलँड ट्रान्झिट पॉलिसी, म्हणजे वाहतुकीतल्या मालाचा विमा, वेगळी घ्यावी लागते.

थर्ड पार्टीचा दर ठरलेला असतो, त्यात कोणी सूट देत नाही. घासाघीस करायची ती ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यावर. तिथे ‘आयएमटी २३’ हे जादा कलम जरूर घ्या. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंग एरवी धरलेच जात नाहीत. गाडी पूर्ण गेली तरच मिळतात. या कलमाने ते एरवीही धरले जातात. त्यासाठी हप्ता थोडा वाढतो, पण रॅम्पवरून मोटारसायकल चढवता-उतरवताना या गाडीला आधी मार बसतो तो नेमका तिथेच. आमचा मागचा दिवा फुटला तेव्हा तो याच कलमात बसला.