आधाराची माणसे आधीच जोडून ठेवावीत

मोठी फिट येते तेव्हा शुद्ध हरपते आणि त्या एक-दोन मिनिटांत आपल्याला कसे सांभाळायचे, हे नेमके आपल्यालाच सांगता येत नाही. म्हणून ते आधी सांगून ठेवावे लागते, आणि केवळ घरच्यांना सांगून भागत नाही. योग्य औषधोपचाराने अपस्माराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट्स थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्यांच्या पूर्णपणे थांबलेल्या नाहीत, त्यांच्यापैकी मी एक आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाचा बराचसा दिवस घराबाहेर जातो, तेव्हा आधाराची माणसेही त्याच वाटेवर जोडावी लागतात, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात शेजारच्या काकूंपासून झाली. कांदा हुंगवायचा, चप्पल नाकाशी धरायची, दातखीळ बसली तर तोंडात चमचा घालायचा, हे त्यांच्या मनात पक्के होते आणि त्यामागे मायाच होती. वाद न घालता मी त्यांच्याच सतरंजीवर आडवी झाले आणि त्यांना मला कुशीवर वळवायला लावले. डोक्याखाली दुमडलेली ओढणी ठेवायची, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करायचे, जवळचे टोकदार सामान दूर सारायचे, तोंडात काहीही, अगदी पाणीसुद्धा, घालायचे नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत आणि नजर घड्याळावर ठेवायची. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर १०८ ला फोन करायचा. काकूंनी ते सारे मला पुन्हा म्हणून दाखवले. आमच्या घराची एक किल्ली आता त्यांच्याकडे असते, आणि मी अंघोळीला जाताना आतून कडी लावत नाही.

लोकलच्या लेडीज डब्यातल्या आमच्या रोजच्या ग्रुपलाही हे ठाऊक आहे. भोवतीची गर्दी मागे सारणे, डब्यातून उतरवायला मदत करणे आणि भानावर येईपर्यंत सोबत थांबणे एवढेच काम त्यांनी वाटून घेतले आहे. फिट थांबल्यावरही बराच वेळ मी गोंधळलेली असते, त्यामुळे हे थांबणे मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यांच्यापैकी एकीने फिटच्या सुरुवातीला मान कुठल्या बाजूला वळली आणि कोणता हात आधी आखडला, हे नीट पाहून सांगितले होते. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग झाला. ऑफिसात मात्र सर्वांना सांगावेच असे नाही. माझ्या साहेबांना आणि शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला माहीत आहे, तेवढे पुरे.

ज्यांना हाच आजार आहे त्यांच्या गटाची जागा वेगळी. औषधाने येणारी झोप किंवा गोळी चुकली की मनात बसणारी धास्ती तिथे समजावून सांगावी लागत नाही. मुलींच्या आया तिथे लग्नाविषयी विचारतात. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातील, वधूवरांना अपस्मार नसावा ही अट काढून टाकली, तरी स्थळ पाहताना आजार लपवण्याचा दबाव अजूनही येतो, आणि लपवलेल्या आजाराच्या गोळ्या सासरी वेळेवर कशा घेणार, हा प्रश्न उरतोच. आजार उघड सांगून संसार थाटलेल्या बायकांनी तिथे दिलेली उत्तरे ऐकून माझ्या आईच्या मनावरचे ओझे बरेच उतरले. ती आता मावशीकडे साताऱ्याला मुक्कामाला जाते, आणि निघण्यापूर्वी काकूंना तेवढे सांगून ठेवते.