मुंबईच्या उलट्या दिशेने: रत्नागिरी ते एर्नाकुलम

आमच्याकडे नोकरीला जायचं म्हणजे मुंबईला, हे ठरलेलंच. काका गेले, मामा गेले, वाडीतली निम्मी पोरं तिकडेच आहेत, गणपतीत नि शिमग्याला भेटतात तेवढीच. त्यामुळे मी फिशरीज कॉलेजमधून डिग्री घेऊन कोचीची नोकरी धरली म्हटल्यावर सगळ्यांचा प्रश्न एकच, "मुंबईला नाही मिळाली काय?" मिळाली असती कदाचित, पण मासळी प्रोसेसिंग आणि एक्स्पोर्टचं काम शिकायचं तर मला कोचीच हवं होतं. समुद्री मासळीची एक्स्पोर्ट बघणाऱ्या एमपीईडीए या सरकारी संस्थेचं हेड ऑफिस तिथं, सागरी मासळीवर संशोधन करणारी सीएमएफआरआय ही संस्था तिथं, ज्यांचे रिपोर्ट वाचून आम्ही परीक्षा दिल्या ती माणसं तिथं.

नेत्रावती एक्सप्रेस रत्नागिरीला संध्याकाळी येते. बाबांनी आत येऊन बॅग सीटखाली साखळीने बांधली, कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि काहीच न बोलता उतरले. आई मात्र गाडी हलेपर्यंत खिडकीतून सूचना देत होती.

थोड्याच वेळात पानवलचा पूल आला. 64 मीटर उंच, खाली झाडांचे नुसते शेंडे दिसतात. याचे खांब उभे राहताना बाबा बघायला जायचे. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 26 जानेवारी 1998 ला, त्याआधी मुंबई गाठायची तर रात्रभर एसटीत घाटाची वळणं खात. माझ्या पिढीला ही गाडी आयतीच मिळाली, आणि तिने दक्षिणेकडेही जाता येतं हे आमच्यातल्या फार कमी जणांच्या मनात येतं.

कुडाळ, सावंतवाडी गेली, अंधार पडला. समोर त्रिशूरच्या एक आंटी होत्या, मुंबईत नर्सची नोकरी करून रिटायर झालेल्या, आता कायमच्या गावी निघालेल्या, मराठी एकदम फर्मास. मडगावनंतर मी डबा उघडला, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, आणि वास सुटला की मला जरा संकोचच वाटला, पण आंटीच म्हणाल्या, "दे गं थोडी", आणि त्यांनी त्यांची वाळवलेल्या कोळंबीची खोबरं घातलेली चटणी काढली. चव जवळपास आईच्या हातची, फक्त कढीपत्ता जास्त. तिथं पहिल्यांदा पोटातला गोळा सैल झाला. मग शरावती नदीवरचा पूल बघायला जागायचं ठरवलेलं ते राहूनच गेलं, झोप लागली.

जाग आली तेव्हा स्टेशनांच्या पाट्या मल्याळममध्ये. कोळीकोड गेलं, चहावाले, गरम पळमपोरी म्हणजे पिकल्या केळ्याची भजी विकणारे सुरू झाले. कुट्टिप्पुरमनंतर भारतपुळा नदी बराच वेळ सोबत राहते, पात्र एवढं रुंद आणि मधे वाळूच वाळू, आमच्या खाड्यांपेक्षा वेगळंच काहीतरी. त्रिशूरला आंटींचं सामान मी उतरवून दिलं, त्यांनी फोन नंबर दिला आणि रविवारी जेवायलाच ये म्हणाल्या.

एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या स्टेशनवर, उतरून आधी घरी फोन केला. उद्या लॅबमध्ये जॉइनिंग आहे. आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उतरणारी कोळंबी आणि म्हाकूळ बर्फात नीट राहिली तर भाव किती वाढतो हे मी लहानपणापासून बघितलंय, आता इथं ते काम मुळापासून शिकायचंय, आणि जमलं तर काही वर्षांनी आमच्याच बंदरावर करायचंय.