बाय म्हणजे 'ने' की 'पर्यंत'?

इंग्रजीतल्या बाय (by) या शब्दावर लिहायचं कधीपासून डोक्यात होतं, कारण इंग्रजी शिकताना सगळा जीव टेन्समध्ये अडकलेला असतो आणि हे एवढंसं बाय तसंच राहून जातं, आणि मग कामाच्या ईमेलमध्ये गोंधळ होतो तो नेमका त्याच्यामुळे.

ज्याने खरंच नुकसान होतं तो प्रकार आधी घेते. 'आय विल बी इन द ऑफिस बाय फाइव्ह' आणि 'आय विल बी इन द ऑफिस टिल फाइव्ह'. पहिलं म्हणणारा माणूस पाचच्या आत कधीतरी पोचणार आहे, आणि दुसरं म्हणणारा तोवर तिथेच असणार आहे आणि पाचला निघणार आहे. अगदी उलटं! आपण मात्र मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत'च म्हणतो, पाचपर्यंत ये, पाचपर्यंत थांब, आणि कोणाचाच घोळ होत नाही कारण येणं काय आणि थांबणं काय हे क्रियापदातच कळतं. इंग्रजीत वरच्या दोन्ही वाक्यांत क्रियापद तेच आहे, म्हणजे सगळी भिस्त त्या बाय आणि टिलवर.

म्हणून 'पर्यंत'चं भाषांतर शोधत बसायचं नाही, काम कसलं आहे ते बघायचं. एकदा झालं की संपलं असं काम असेल (पोचणं, पैसे भरणं, फॉर्म देणं, पुस्तक परत करणं) तर बाय, आणि त्या वेळेपर्यंत चालूच राहणार असेल (वाट बघणं, झोपणं, राहणं) तर टिल. नकारात जरा जपून. 'ही डिडन्ट कम टिल फाइव्ह' म्हणजे तो आला, पण पाच वाजले तेव्हा, कारण तोवर त्याचं न येणं चालू होतं. 'ही हॅडन्ट कम बाय फाइव्ह' म्हणजे पाच वाजले तरी पत्ता नव्हता, नंतर आला की नाही ते या वाक्यातून कळतच नाही. कोणाच्या उशिराबद्दल लिहून कळवायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे.

आणि 'बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार धरून की त्याच्या आधी? साधारणपणे धरून. पण शुक्रवारी सकाळी की रात्री हे काही त्यातून कळत नाही आणि दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा अर्थ घेतला जातो, त्यामुळे मला तरी वाटतं की डेडलाइन लिहिताना पुढे वेळ टाकावीच, बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे, एवढं लिहायला काही कष्ट पडत नाहीत.

आकड्यांबरोबर मात्र मराठी आपल्याला बरोबर वाट दाखवते आणि तरी लोक तिचं ऐकत नाहीत. समजा व्याजदर ८ टक्के आहे. 'इन्क्रीज्ड टू टेन पर्सेंट' म्हणजे १० टक्के झाला. 'इन्क्रीज्ड बाय टेन पर्सेंट' म्हणजे १० टक्क्यांनी वाढला, म्हणजे ८ चे १० टक्के वर, ८.८ झाला. आणि ८ चा १० झाला हे बाय घेऊनच सांगायचं असेल तर 'बाय टू पर्सेंटेज पॉइंट्स' म्हणावं लागतं. टू (to) म्हणजे कुठे पोचला, बाय म्हणजे कितीने हलला. आपलं 'नी' इथे बायच्या जागी चपखल बसतं, रिपोर्ट लिहिताना आधी मनात मराठी वाक्य म्हणून बघा, चूक लगेच सापडते.

आता 'ने'. बसने आलो, बाय बस. इथे मध्ये अ किंवा द येत नाही कारण आपण एखाद्या ठराविक बसबद्दल बोलत नसतो, कशाने आलो तो प्रकार सांगत असतो. म्हणूनच 'बाय माय कार' खटकतं, माय म्हटलं की ती एक ठराविक गाडी झाली, मग 'इन माय कार'. आणि 'बाय वॉक' नाही, 'ऑन फूट', किंवा त्याहून सोपं म्हणजे सरळ 'आय वॉक्ड'.

पण मला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे बाय आणि विथ, कारण दोन्हीला आपण 'ने' म्हणतो आणि तरीही फरक मराठीत आधीपासूनच आहे. 'द विंडो वॉज ब्रोकन बाय अ स्टोन' म्हणजे दगडाने काच फुटली, दगड कुठूनही आला असेल. 'द विंडो वॉज ब्रोकन विथ अ स्टोन' म्हणजे कोणीतरी दगडाने काच फोडली, त्याचं नाव घेतलं नाही इतकंच. फुटली आणि फोडली! इंग्रजीत क्रियापद जसंच्या तसं राहतं आणि फरक प्रीपोझिशनमध्ये दिसतो, आपल्याकडे प्रत्यय तोच राहतो आणि क्रियापद बदलतं. वरच्या 'पर्यंत'चंही हेच होतं. हे एकदा डोक्यात बसलं की शिकवायलाही सोपं जातं, कारण समोरच्याला नवीन काही सांगावं लागत नाही, त्याच्याच बोलण्यातलं दाखवायचं असतं.

मुळात बायचा अर्थ जवळ, शेजारी. जर्मनमधलं बाय हे त्याचंच भावंड, आणि 'कम अँड सिट बाय मी' यात तो जुना अर्थ अजून शाबूत आहे, बायपास आणि बायस्टँडरमध्येही तोच. कर्ता सांगायचं काम त्याच्याकडे हळूहळू आलं. पूर्वी त्या जागी ऑफ (of) पण चालायचं, १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये 'लेड अप ऑफ द स्पिरिट' असं आहे, आज तिथे सगळे बाय म्हणतील.

पॅसिव्ह व्हॉइसबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. शाळेत पॅसिव्ह करताना शेवटी बाय लावायची इतकी सवय होते की ते नसेल तर वाक्य अर्धवट वाटतं, पण खऱ्या इंग्रजीत बहुतेक पॅसिव्ह वाक्यांना बाय नसतंच, कोणी केलं ते माहीत नसतं किंवा सांगायचं नसतं म्हणून तर पॅसिव्ह वापरतात. आणि हेच बाय आता मराठीत 'द्वारे' होऊन घुसलंय, 'समितीद्वारे निर्णय घेण्यात आला'. अरे, समितीने निर्णय घेतला! आपल्याकडे इतका सुटसुटीत 'ने' असताना हे द्वारे कशाला, मला खरंच वाईट वाटतं असं वाचलं की. वेबसाइटद्वारे अर्ज करा हे ठीक आहे, तिथे वेबसाइट हे साधन आहे, पण माणसांना द्वारे लावू नका.

जोडीजोडीने येणारे वन बाय वन, लिटल बाय लिटल आपल्याला जड जात नाहीत, एकेक आणि हळूहळू तयारच आहेत.

शेवटचा मुद्दा बाहेरच्या लोकांशी कॉलवर बोलणाऱ्यांसाठी. आपण अपूर्णांक वाचताना 'थ्री बाय फोर' म्हणतो, ते डिव्हायडेड बायचं छोटं रूप आहे आणि आपल्यात ते सगळ्यांना कळतं. पण अमेरिकन किंवा ब्रिटिश माणसाला थ्री बाय फोर ऐकलं की लांबी रुंदी वाटते, टेन बाय ट्वेल्व्हची खोली तशी, आणि शिवाय मल्टिप्लाइड बायमध्येही बाय आहेच. त्यामुळे तिथे 'थ्री ओव्हर फोर' किंवा 'थ्री क्वार्टर्स' म्हणा, आणि आकडा महत्त्वाचा असेल तर चॅटमध्ये टाइपच करून टाका.